जेरेमाया ओब्रायन: चालती ठेवावी की जमिनीवर घ्यावी?

सागरवेडा: सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावरची जेरेमाया ओब्रायन ही दुसऱ्या महायुद्धातली मालवाहू बोट परवा लेकाला दाखवली. १९४३ साली अमेरिकेच्या मेन राज्यात अवघ्या ५६ दिवसांत बांधलेली लिबर्टी जातीची, म्हणजे युद्धासाठी एकाच नमुन्यावर झपाट्याने बांधलेल्या मालवाहू बोटींपैकी एक. १९४४ मध्ये दोस्त सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरलं, तेव्हा तिथे ११ खेपा केल्या. आम्ही गेलो तेव्हा इंजिन वाफेवर चालू होतं. एक वयस्कर स्वयंसेवक फिरत्या क्रँकच्या तालावर हात आत नेऊन बेअरिंगला ओझरता लावत होते, तापलंय का पाहायला. लेक जागचा हलेना. ही बोट चालतीच राहिली पाहिजे.

हिशेबनीस: भावना कळते, पण ऐंशी वर्षांचा पत्रा खाऱ्या पाण्यात किती टिकवणार? वरचेवर गोदीत घ्या, तळ खरवडा, पत्रे बदला. आपली जुनी विमानवाहू विक्रांत आठवा. मुंबईत संग्रहालय झाली, २०१२ मध्ये धोकादायक म्हणून बंद केली, २०१४ मध्ये भंगारात गेली. उलट कुरसुरा पाणबुडी विशाखापट्टणमला वाळूवर चढवली, ती आजही लोक आतून बघतात.

रत्नागिरीकर: हिशेबनीस, विक्रांत चालत होती कुठे? धक्क्याला बांधूनच ठेवली होती. ओब्रायन मात्र ३३ वर्षं राखीव ताफ्यात गंजत पडली, तरी १९७९ मध्ये स्वतःच्या वाफेवर बाहेर आली आणि १९९४ मध्ये पनामामार्गे पुन्हा नॉर्मंडीला गेली. माझे आजोबा मालवाहू बोटीवर आगवाले, म्हणजे बॉयलरची भट्टी पेटती ठेवणारे होते. लढाऊ जहाजांची स्मारकं होतात, माल वाहणाऱ्यांना कोण विचारतं? १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन उडाली, तीही मालवाहूच. पोटात कापूस आणि सुमारे १४०० टन स्फोटकं. आग विझवताना गेलेल्या ६६ जवानांचं स्मरण अग्निशमन सप्ताहात होतं. बोटीवरच्या खलाशांचं नाव कुणी काढत नाही.

हिशेबनीस: खलाशांबद्दल दुमत नाहीच. पण १९९४ ला युद्धातलेच म्हातारे इंजिनावर होते. ते गेल्यावर वाफेचं इंजिन चालवणार कोण? बोटीला पैशाआधी माणसं कमी पडतील, म्हणून म्हणतो, धड आहे तोवर जमिनीवर घ्या.

सागरवेडा: माणसं तिथेच तयार होतात, हिशेबनीस. त्या काकांनी लेकाच्या हाती तेलाची झारी दिली, कुठे किती थेंब सोडायचे ते सांगितलं. सोळा वर्षांचा आहे. घरी येईपर्यंत त्याने हाताचं तेल पुसलं नव्हतं.