आनंदपूर साहिबचं विरासत-ए-खालसा: इमारत नीट बघायची तर दिवस कसा आखावा?

भटकी_वीट:
डिसेंबरात चंदीगडला मुक्काम आहे, त्यातला एक दिवस आनंदपूर साहिबसाठी ठेवलाय. तिथल्या विरासत-ए-खालसा या शीख इतिहासाच्या संग्रहालयातली दालनं बघूच, पण मुख्य ओढ वास्तुविशारद मोशे सफदींच्या या वास्तूची. किती वेळ धरावा? उजेड कधी चांगला? सोबत आई-बाबा आहेत. जाणकारांनी सांगावं.

ओळंबा:
चंदीगडहून साधारण ८५ किमी, गाडीने दोन तास धरा. सोमवार टाळा, त्या दिवशी बंद असतं. जानेवारी आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यातही देखभालीसाठी बंद ठेवतात. प्रवेश मोफत, पण पास घ्यावा लागतो.

आधी केसगढ साहिब हा तिथला गुरुद्वारा बघा, मग संग्रहालय. हा क्रम उलटा करू नका. गुरुद्वाऱ्याचे घुमट बाहेर फुगलेले, तर इथली छपरं आत खोलगट, आभाळाकडे तोंड केलेली आणि स्टेनलेस स्टीलने मढवलेली. तो घुमट डोळ्यांत ताजा असेल तरच ही उलटी वक्ररेषा कळते. नाहीतर नुसती चकचकीत छपरं दिसतात.

संकुलाचे दोन भाग आहेत. पश्चिमेला सभागृह, ग्रंथालय वगैरे, पूर्वेला कायमची दालनं. मधल्या घळीवरून सुमारे १६५ मीटरचा पादचारी पूल जातो. बहुतेक लोक तो झपाझप ओलांडतात. तिथे थांबा. खाली छोटे बंधारे घालून तळी केली आहेत. वारा पडला असेल तर पाण्यात अख्खी इमारत उतरते.

सह्यकडा:
उजेडाचं: पुलावरून दालनांकडे बघताना तोंड पूर्वेला असतं, म्हणजे सकाळी ऊन डोळ्यांवर आणि भिंती सावलीत. दुपारी तीननंतर मधाळ रंगाचा दगड खुलतो. भर दुपारी स्टीलची छपरं इतकी लखलखतात की फोटोत पांढरा डाग उरतो. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर (आत येणारा उजेड) एक-दीड स्टॉप खाली घ्या.

भिंती किल्ल्यासारख्या भरीव वाटतात, पण दगड हे वरचं आवरण आहे. भार काँक्रीट पेलतं, आणि तुळया-खांब बऱ्याच ठिकाणी उघडेच ठेवलेत. दगड कुठे संपतो आणि काँक्रीट कुठे सुरू होतं, तो सांधा शोधत फिरा. निम्मी इमारत तिथेच समजते.

भटकी_वीट:
आत कॅमेरा चालतो का? आणि दालनांना किती वेळ?

ओळंबा:
दालनांत फोटोला मनाई. अडीच-तीन तास ठेवा. पहिल्या, नावेच्या आकाराच्या दालनात चित्रकार ओरिजित सेन यांच्या आराखड्यातलं पंजाबचं प्रचंड भित्तिचित्र आहे. उजेड मंद असतो. दारातून आत गेल्या गेल्या पुढे सरकू नका, डोळे सरावू द्या. मग गल्ल्या, शेतं, बाजार, एकेक माणूस दिसू लागतो. मागून येणारा घोळका पुढे रेटतो, त्याला आधी जाऊ द्या.

नांदेडकर:
नांदेडहून निघणाऱ्यांसाठी: हुजूर साहिब-अंब अंदौरा ही साप्ताहिक गाडी थेट आनंदपूर साहिबला थांबते. होला मोहल्ल्याच्या, म्हणजे होळीच्या सुमारास होणाऱ्या शीख उत्सवाच्या दिवसांत मात्र वास्तू बघायला जाऊ नका. तो सोहळा वेगळा बघा, गर्दीत पुलावर उभंही राहता येत नाही.

आई-बाबांसाठी: चालणं बरंच आहे. पुलावर सावली नाही, पण डिसेंबरात त्याचा त्रास नाही. केसगढ साहिबला डोकं झाकायला रुमाल हवा, आणि सहज निघतील असे जोडे घाला.

सह्यकडा:
म्हणजे सकाळी अकरापर्यंत गुरुद्वारा, लंगर, एकच्या सुमारास दालनं आणि चारला पूल. शेवटचा प्रवेश साडेचारच्या आसपास बंद होतो, त्यामुळे दालनं शेवटी ठेवू नका.