सोलर ड्रोन: पॅनल पंखावर की जमिनीवर?

ओहमचानियम:
परवा परत एकाने विचारलं की ड्रोनच्या पाठीवर सोलर सेल चिकटवले तर लांबच्या जंगलावर वणवा बघायला नाहीतर पाइपलाइनवर दिवसभर घिरट्या घालत बसेल ना. ऐकून ऐकून कान किटले म्हणून एकदाच इथे लिहून टाकतो. दीड किलोचा चार पंख्यांचा ड्रोन, म्हणजे क्वाडकॉप्टर, नुसता एका जागी तरंगायला साधारण २०० ते २५० वॉट खातो. भर दुपारी स्वच्छ ऊन असेल तर एका चौरस मीटरवर १००० वॉट पडतात, चांगला सेल त्यातले २०-२२ टक्के देतो. आता ड्रोनच्या पाठीवर जागा किती? ए-फोरचे दोन कागद पसरले की संपली. म्हणजे २५ वॉट आले आणि २०० गेले, वर सेलचं वजन वेगळं. त्यापेक्षा पॅनल जमिनीवर ठेवा, शेजारी झाकणाचा डॉक, म्हणजे ड्रोन उतरून चार्ज होईल अशी पेटी, ठेवा, ड्रोन येईल, चार्ज होईल, परत जाईल. पंखावरचं सोलर म्हणजे निव्वळ हौस.

ग्लायडरवेडा:
बैलगाडीला शीड बांधायचं आणि मग वारा कुचकामी म्हणायचं, तसं झालं हे तुमचं. क्वाडकॉप्टर सतत स्वतःचं वजन हवेत उचलून धरतो, तो खाणारच. फिक्स्ड विंग, म्हणजे विमानासारख्या पंखांचा ड्रोन, घ्या की! झुरिकच्या ईटीएच विद्यापीठवाल्यांचं अॅटलांटिकसोलर २०१५ मध्ये सलग ८१ तास हवेत होतं, पंख साडेपाच मीटरच्या आसपास, वजन ७ किलोच्या आत, रात्री बॅटरीवर आणि सकाळी परत उन्हावर. सोलर विमान पहिल्यांदा उडालं १९७४ मध्ये, हौस म्हणून कोणी पन्नास वर्षं घालवत नाही.

आणि क्वाडचंच म्हणाल तर सिंगापूरच्या नॅशनल युनिव्हर्सिटीने २०१८ मध्ये नुसत्या उन्हावर उडवून दाखवलाय, १० मीटरच्या वर.

ओहमचानियम:
हो, दाखवलाय, १४८ सेल लावून. जेवणाच्या टेबलाएवढा तो ड्रोन जरा वारा आला की पतंग. ८१ तास मान्य, पण ते उन्हाळ्यातले मोठे दिवस, आणि त्या ७ किलोत बॅटरीच निम्म्याच्या घरात, मग कॅमेऱ्याला उरतं काय? मोठं करायला जावं तर एअरबसचं सोलर विमान झेफिर बघा, २५ मीटर पंख आणि वजन ७५ किलो, २०२२ मध्ये ६४ दिवस उडालं आणि शेवटी पडलंच. नासाचं हेलिओस २००३ मध्ये हवेतच मोडलं, फेसबुकने अक्विला २०१८ मध्ये गुंडाळलं.

ग्लायडरवेडा:
६४ दिवस उडून पडलं याला तुम्ही अपयश म्हणता? तुमचा डॉकवाला ड्रोन ४० मिनिटांनी खाली येतो, रोज.

फिरतीवरचा:
दोघांचंही वाचून हसू आलं. मी असे सोलरवरचे डॉक बसवतो, सांभाळतो, म्हणून दोन शब्द. सगळे ड्रोनच्या बॅटरीचा हिशोब करतात, डॉकचा कोणी करत नाही. समजा एका फेरीला चार्जिंगचा लॉस धरून १०० वॉट-अवर, दिवसाला ८ फेऱ्या, झाले ८००. आणि डॉकमधला कॉम्प्युटर, मोडेम, हवामानाचे सेन्सर, बॅटरी गार किंवा गरम ठेवायची सोय हे सगळं मिळून सरासरी ४० वॉट धरलं तरी २४ तासांचे ९६० होतात. म्हणजे ड्रोन डॉकमध्ये नुसता झोपलेला असला तरी निम्म्याहून जास्त वीज चाललीच आहे!! एक चौरस मीटर पॅनल बऱ्या दिवशी ९०० च्या आसपास देतं. म्हणजे दोन मीटरवर जेमतेम भागतं, पण तीन दिवस ढग आले की संपलं, म्हणून चार-पाच मीटर पॅनल आणि साडेपाच-सहा युनिटची बॅटरी, ती पन्नास-साठ किलोची, आणि ती डोंगरावर वाहून नेणारा मीच.

बाकी धूळ, पक्ष्यांची विष्ठा, झाकणाच्या फटीत कोळ्याचं जाळं. एकदा दोन आठवडे एक डॉक 'पाऊस पडतोय' म्हणून उडायला नकार देत होता, जाऊन बघतो तर पावसाच्या सेन्सरवर पानं साचलेली. माणूस जायला नको म्हणून ड्रोन लावला आणि त्याच्याकडे जायला माणूस. आणि थंडीत शून्याच्या खाली लिथियम चार्ज केली तर बॅटरीचं कायमचं नुकसान, म्हणजे आधी गरम करा, त्यालाही वीज, आणि नेमकं तेव्हाच ऊन कमी.

खांबच_बरा:
मग ड्रोन हवाच कशाला? टेकडीवर खांब रोवा, कॅमेरा आणि छोटं पॅनल लावा, हलणारा भागच नाही. वणवा बघायचाय ना, खांब २४ तास बघतो, ड्रोन फेरी असेल तेव्हाच. शिवाय वणवा असतो तेव्हा वारा असतो, बरेचसे छोटे ड्रोन सेकंदाला १०-१२ मीटरच्या वर नको म्हणतात. आणि आग विझवणारी विमानं आली की ड्रोन खाली घ्यावाच लागतो.

ओहमचानियम:
धूर दिसेपर्यंत खांब ठीक. पण टेकडीच्या पलीकडे काय जळतंय, किंवा ३० किलोमीटर पाइपलाइनवर कुठे ओल आलीय, किंवा विजेच्या तारेवरचा तडकलेला इन्सुलेटर, हे खांबाला कसं दिसणार? किती खांब रोवाल? उलट वणव्याचे दिवस म्हणजे कोरडे, कडक उन्हाचे, पॅनल तेव्हाच सगळ्यात जास्त देतं, हा मुद्दा सोलरच्या बाजूने धरा.

फिरतीवरचा:
धूर पसरेपर्यंत देतं.

ग्लायडरवेडा:
३० किलोमीटर म्हणालात ना, तिथेच अडकलात. तुमचा क्वाड परत यायची बॅटरी राखून दहा-बारा किलोमीटर लांब जाईल, म्हणजे मधेमधे दोन-तीन डॉक, प्रत्येकाला पन्नास-साठ किलोची बॅटरी, फिरतीवरच्या साहेबांच्या पाठीला विचारा. त्यापेक्षा उभं उडून मग पंखावर जाणारं एकच विमान. पंखावर सेल लावा, पुढे जायला त्याला वजनामागे क्वाडच्या कितीतरी कमी वॉट लागतात, तिथे ऊन खरोखर हातभार लावतं. डॉक एकच. जमिनीवरचं पॅनल मी नको म्हटलंच नाही कधी.

ओहमचानियम:
चला, डॉकवर आलात.

फिरतीवरचा:
अडीच-तीन मीटर पंखाच्या विमानाला झाकण केवढं लागेल ते आधी सांगा. आमचं सव्वा मीटरचं झाकण वाऱ्यात उघडं राहिलं होतं, मोटर ओढून ओढून जळाली आणि ड्रोन आत भिजत बसला. आणि सेल लावलेला पंख पुसायचा कोणी, दर आठवड्याला?