टॅबलेटवरून कॉम्प्युटरच्या शेअर फोल्डरमध्ये फाइल जात नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरी अँड्रॉइड टॅबलेट आणि विंडोज ११ चा कॉम्प्युटर एकाच वायफायवर आहेत. कॉम्प्युटरवर एक फोल्डर शेअर केलाय, नेटवर्क प्रोफाइल ‘प्रायव्हेट’ आहे. टॅबलेटच्या फाइल मॅनेजरमध्ये एसएमबी (नेटवर्कवरून शेअर फोल्डर उघडायची पद्धत) निवडून आयपी अ‍ॅड्रेस आणि पासवर्ड टाकला (पिन चालत नाही, अकाउंटचा पासवर्डच लागतो) की फोल्डर उघडतो. पीडीएफ वाचता येतात, व्हिडिओही न अडखळता चालतात.

गाडी अडते ती उलट्या दिशेला. टॅबलेटवरून त्या फोल्डरमध्ये काही टाकायला गेलं की ‘परवानगी नाही’. शेअरिंगमध्ये ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल दिलंय. मग सिक्युरिटी टॅबमध्ये वेगळी परवानगी द्यावी लागते का? दोन्हींपैकी जी कडक ती लागू होते असं वाचलं, पण तिथे नेमकं कोणत्या युजरला ‘मॉडिफाय’ द्यायचं?

शिवाय राउटर बंद-चालू केला की कॉम्प्युटरचा आयपी कधीकधी बदलतो. तो राउटरमध्ये पक्का करावा की कॉम्प्युटरमध्ये?

गूगल ड्राइव्ह वगैरे सुचवू नका प्लीज. शेजारच्या टेबलावर फाइल न्यायला ती आधी इंटरनेटवर चढवायची, हे काही पटत नाही.