काजव्यांच्या हंगामाचं नियोजन: निधी एकाच कामाचा, आधी काय करावं?

पाऊलवाट: गाव भंडारदरा परिसरातलं, ता. अकोले. मेअखेरपासून पाऊस लागेपर्यंत शनिवार-रविवारी काजवे बघायला येणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. वाहनतळाला दहा गुंठे पडीक जागा आहे. तेव्हा विहिरी तळाला गेलेल्या असतात, गाव टँकरवर. पाहुण्यांसाठी रात्रीला फार तर ५,००० लिटर पाणी निघतं. ग्रामसभेत तीन मागण्या आल्यात: हायमास्ट (उंच खांबावरचे मोठे दिवे), झाडांपर्यंत पेव्हर ब्लॉकची वाट, स्वच्छतागृहं. क्रम कसा लावावा?

सादडा: आधी माणसांचा आकडा ठरवा, कामाचं नंतर. वळायच्या जागेसकट एका गाडीला २५ चौ.मी. धरा. दहा गुंठ्यांत ४० गाड्या, गाडीत चार धरले तर १६० माणसं. पण मुक्कामाच्या माणसाला जलजीवन मिशनचं माणशी रोजचं ५५ लिटरचं माप लावलंत तर तुमच्या पाण्यात ९०च जण भागतात. जो आकडा लहान, तोच धरायचा. जादा टँकर मागवून तो वाढवू नका, गर्दी पुन्हा तेवढीच वाढेल. नोंदणी आगाऊ घ्या आणि नोंदणी नसलेली गाडी फाट्यावरूनच परत पाठवा. गावात शिरल्यावर कुणी मागे वळत नाही.

रानवा: हायमास्ट अजिबात नको! नर लुकलुकतो, मादी प्रकाशानेच उत्तर देते. उजेडात ही खूण हरवते, जोड्या जमत नाहीत आणि पुढच्या हंगामात काजवे घटतात. आहेत त्या दिव्यांना खाली तोंड करणारी टोपी बसवा, हंगामात रात्री आठनंतर बंद ठेवा. बॅटरीला लाल जिलेटिन कागद, फ्लॅशला बंदी. पेव्हरही नको. अळ्या ओल्या मातीत, पाचोळ्यात वाढतात, गोगलगायी खातात. झाडाखालची माती तुडवली की त्या मरतात. हिरडा-बेहड्याच्या घेराबाहेर दोर बांधा, माणसं तिथूनच बघू देत. गाड्यांची तोंडंही झाडांकडे नकोत.

पाऊलवाट: म्हणजे स्वच्छतागृहं?

सादडा: हो, पण फ्लशची टाकी नको. तीव्र उताराचं ग्रामीण भांडं घ्या, दीड-दोन लिटरात काम होतं. दोन शोषखड्डे, विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. तुमच्याकडे कातळ वर असतो, म्हणून खणल्यावर पाणी ओतून ते जिरतंय का बघा, मगच बांधकाम. जागा अभयारण्यात येत असेल तर कुदळ मारण्याआधी वनखात्याची लेखी परवानगी हातात हवी.