सड्यावर ड्रोन उतरवताना खाली नजर कोणाची?

सड्यावरचा: मंडळी, देवगडात आमच्या आंब्याच्या कलमांवर फवारणीला दोन वर्षं भाड्याने ड्रोन आणतोय, 10 लिटर टाकीवाला. उडताना काही नाही, बोंब होते ती उतरताना. परवा मांगराजवळ कातळावर उतरवत होते तर शेजाऱ्यांचा कुत्रा दगडी गडग्यावरून उडी मारून थेट खाली आला, ड्रोन चालवणारं पोरगं सावध म्हणून ड्रोन परत वर घेतलान, पण वरच्या फांदीला लागायचा दोन वीत राहिला. एअर टॅक्सीसाठी (माणसं घेऊन उडणाऱ्या, उभ्या उतरणाऱ्या टॅक्सी) म्हणे जमिनीवरून लक्ष ठेवायच्या सिस्टीम बनवतायत, कॅमेरा, लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर), वारा मोजायचं यंत्र वगैरे, त्यातलं आपल्याला परवडेल असं काय आहे? की ड्रोनचेच सेन्सर पुरे?

चिव्याची बेट: कुत्र्याक बांधून घाल मरे, लायडार खयचो आणि काय 😄

दापोली_पुणे_दापोली: हसू नका, बांधणं हाच पहिला उपाय आहे. ड्रोनचा खालचा कॅमेरा जमिनीवरच्या खुणा बघून जागा धरतो, ओला कातळ चमकला किंवा साचलेलं पाणी असलं की गडबडतो. त्यात पंख्याच्या वाऱ्याने तांबडी माती उडाली की लायडारलाही धूळच दिसते. आणि मुख्य म्हणजे ड्रोन सरळ खाली बघतो, गडग्यामागून येणारं जनावर त्याला शेवटच्या क्षणी कळणार, जमिनीवरच्या कॅमेऱ्याला ते आधी दिसतं, सगळा फायदा तेवढाच. पण नुसतं दिसून काय करता, "उतरू नको" हे ड्रोनला सांगणारं कोणीतरी पाहिजे. आर्डूपायलटवर (ड्रोन चालवायचं सॉफ्टवेअर) चालणारा ड्रोन असेल तर उतरायच्या पॅडवर इन्फ्रारेड बीकन, म्हणजे ड्रोनला दिसणारा खुणेचा दिवा, लावता येतो, बीकन दिसेनासा झाला की तो वर जाऊन परत ट्राय करेल असं सेटिंग असतं. भाड्याच्या ड्रोनला मालक हात लावू देईल का, ते विचार.

खारा वारा: वाऱ्याचं कोणी बोललंच नाही. गडग्याच्या आडोशाला खाली शांत असतं आणि कलमांच्या शेंड्यावर दुपारी समुद्राकडून झोत सुरू, त्यात परतताना टाकी रिकामी म्हणजे ड्रोन हलका, जास्तच ढकलला जातो. वारा शेंड्याच्या उंचीवर मोजा, पॅडवर मोजून काय उपयोग नाही.

एअर टॅक्सीचं प्रकरण वेगळं. जोबी या अमेरिकन कंपनीची टॅक्सी पायलट आणि चार प्रवासी घेते, वजन दोन टनांच्या वर, खाली येणारा वारा जमिनीवर आपटून आजूबाजूला पसरतो, उभा माणूस ढकलला जाईल. अमेरिकेच्या एफएएने (तिथलं विमान वाहतुकीचं सरकारी खातं) 2022 मध्ये व्हर्टिपोर्टच्या, म्हणजे असल्या टॅक्सींच्या तळाच्या, डिझाइनचं मार्गदर्शन काढलं त्यात उतरायच्या जागेभोवती मोकळी जागा सोडायला सांगितली होती. तुझ्या 25 किलोच्या आतल्या ड्रोनला एवढं नको, पण चारी बाजूंनी मोकळं पाहिजेच, मांगराला चिकटून उतरवता कशाला?

दापोली_पुणे_दापोली: +1. आणि चिपी विमानतळाच्या बाजूचं कोणी वाचत असेल तर, विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किमीमध्ये 200 फुटांच्या वर जायला परवानगी लागते, 2021 च्या ड्रोन नियमांत आहे.

सड्यावरचा: मांगराला चिकटून कारण पाण्याची टाकी तिथेच आहे, औषध कालवायला सोपं पडतं. पण बरोबर आहे, पाइप लांब घेईन आणि पॅड सड्याच्या मधे नेईन. चिव्याची काठी शेंड्याएवढी उभी करून वर जुन्या साडीची पट्टी बांधतो, आणि पुतण्याला शिट्टी देऊन गडग्यावर बसवतो, शिट्टी वाजली की ड्रोन वर. कॅमेरा पुढच्या मोहोराला बघू. कुत्र्याचं मात्र शेजाऱ्यांना कोण सांगणार, आधीच बांधावरून बोलणं बंद आहे.