गावातल्या खाजगी दवाखान्याची तपासणी व्हायला हवी का?

कुळागरवाला, डिचोली
गेल्या महिन्यात कुळागरात, म्हणजे आमच्या पोफळीच्या बागेत, आईच्या पायाला कोयता लागला. धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी तिला गावातल्या दवाखान्यात नेली. कंपाउंडरने फ्रिज उघडला. लसीच्या कुप्या दाराच्या खणात, शेजारी दुधाची पिशवी आणि केळीच्या पानात गुंडाळलेला अबोलीचा वळेसर (गजरा). थर्मामीटर कुठेच नाही. आदल्या रात्री आमच्या वाड्यावर पाच तास लाईट नव्हती. लस २ ते ८ अंशांत राहिली होती का, हे त्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हते. आईने दंड पुढे केला, सुई टोचली, आम्ही घरी आलो.

डॉक्टर भले माणूस आहेत. बाबांच्या शेवटच्या दिवसांत दोनदा मध्यरात्री घरी आले होते. त्यांच्याविरुद्ध लिहिताना हात जड होतो, पण चांगल्या स्वभावाने लस थंड राहत नाही.

गोव्याने २०१९ मध्ये दवाखान्यांच्या नोंदणीचा स्वतःचा कायदा केला. नोंदणी झाली म्हणजे उपचार नीट होतात असे नाही. वर्षातून एकदा कोणी जाणत्याने न कळवता यावे, फ्रिज उघडावा, रक्तदाब ब्लाउजच्या बाहीवरून मोजतात की दंडावर ते पाहावे, आणि जे दिसले ते दवाखान्याच्या दारावर लावावे. तुम्हाला काय वाटते?

सत्तरीतला डॉक्टर
मला हे मान्य नाही. बावीस वर्षे एकट्याने दवाखाना चालवतो. तपासायला आलेल्यांनी प्रमाणपत्र मागितले, कचऱ्याच्या पिवळ्या-लाल पिशव्या मोजल्या, पावत्या पाहिल्या. मी रुग्ण कसा तपासतो, हे एकानेही विचारले नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात ताप घेऊन कोणी आला की मी आधी विचारतो, काजूच्या बागायतीत गेला होतास का? रानात माकड मेलेले दिसले का? माकडतापाची, म्हणजे रानातल्या गोचिडीच्या चाव्याने येणाऱ्या तापाची, शंका अशा प्रश्नांतूनच येते. हे कुठल्या रकान्यात भरणार? कागद वाढले तर माझ्यासारखे दवाखाने बंद होतील. मग रात्री अकराला दमेकऱ्याने १०८ ची वाट बघत बसायचे?

पणजीहून
डॉक्टरांशी सहमत. चूक झाली तर ग्राहक न्यायालय आहेच. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली आहे.

कुळागरवाला, डिचोली
दादा, आईची लस निकामी होती असे धरा. मला ते कळणार कधी? लस बिघडली तरी दंडावर काही दिसत नाही. न्यायालयात जायला आधी धनुर्वात व्हावा लागेल.

निवृत्त सिस्टर, फोंडा
मी आरोग्य केंद्रांत तीस वर्षांहून जास्त काळ काढला, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. धनुर्वाताची लस उष्णतेपेक्षा गोठण्याने लवकर बिघडते. फ्रीजरच्या खाली चिकटवून ठेवलेली कुपीही तितकीच वाईट. आम्ही सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायचो, चतुर्थीच्या दिवशीसुद्धा. घरी गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायची बाकी असताना मी केंद्रावर जाऊन आकडा लिहून आलेली आहे. दाराच्या खणात लस ठेवली तर आमच्या मॅडम सगळ्यांसमोर बोलायच्या. दार उघडले की पहिली गरम हवा तिथेच लागते.

डॉक्टर, तुम्ही म्हणता ते रकान्यात बसत नाही, हे मला पटत नाही. सरकारी रुग्णालयांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय गुणवत्ता मानके आहेत, नंतर ती आरोग्य केंद्रांसाठीही आली. त्यांचा परीक्षक नुसती फाइल बघत नाही. तो काम चालू असताना उभा राहून बघतो, कर्मचाऱ्यांना विचारतो, नोंदी वाचतो आणि बाकावर बसलेल्या रुग्णाशी बोलतो. प्रत्येक मुद्द्याला ०, १ किंवा २ गुण. मला एकाने विचारले होते, ‘सिस्टर, इंजेक्शननंतर पेशंटच्या अंगावर गांध्या उठून श्वास अडकू लागला तर पहिला हात कशाला घालाल?’ मी अशा तीव्र अॅलर्जीत द्यायच्या अॅड्रिनॅलिनची कुपी काढून दाखवली. तिची मुदत संपायला नऊ दिवस होते. त्या दिवसापासून दर सोमवारी तारखा बघायची सवय लागली. मी ओशाळले खरी, पण कोणी अपमान केला असे वाटले नाही. असा परीक्षक तुमच्याकडे आला तर काजूच्या बागायतीचा प्रश्न त्याला ऐकू येईलच.

सत्तरीतला डॉक्टर
सिस्टर, तुमच्यासारखे कोणी येणार असेल तर दार उघडे आहे. तुमचे वाचून माझी वही काढली. थर्मामीटर आहे, नोंदीही आहेत, पण रविवारच्या जागा रिकाम्या. ती चूक माझी. तरीही गुण दारावर लावायला माझा विरोध कायम. शहरात रुग्ण पलीकडच्या गल्लीत जाईल. माझ्या गावात दुसरा दवाखानाच नाही. कागद वाचून घाबरलेली म्हातारी कुठे जाणार? ती घरीच बसेल.

कुळागरवाला, डिचोली
हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मग आधी डॉक्टरांना दोन महिने द्यावेत, दुरुस्ती झाली नाही तरच दारावर लावावे. पण लावायचेच नाही, हे मी मानणार नाही. ती म्हातारी माझी आई आहे, आणि तिला वाचता येते.

निवृत्त सिस्टर, फोंडा
दोन महिने कागदाला चालतील, लसीला नाही. दुधाची पिशवी त्याच दिवशी बाहेर काढायची. आणि बाळा, आईला ती लस पुन्हा घ्यावी लागेल का, हे आरोग्य केंद्रात जाऊन विचार. जाताना कधी टोचली ती तारीख लिहून ने.