छोट्या कुत्र्यांचं लांब आयुष्य: काय केलंत, काय चुकलं?

आमची चिंगी, पॉमेरेनियन, गेल्या महिन्यात १४ पूर्ण करून पंधराव्यात गेली. साताऱ्यात ‘चार भिंती’ या टेकडीवरच्या स्मारकाच्या चढाला आताशा दोनदा थांबते, पण फिरायला जायचं म्हणजे जायचंच. छोट्या जाती १२ ते १६ वर्षं जगतात, तरी आमच्या गल्लीतली तीन पॉम नऊ-दहाव्या वर्षीच गेली. म्हणून हा धागा.

माझं चुकलं ते दातांच्या बाबतीत. कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच, असं धरून आठ वर्षं काढली. डॉक्टरांनी ओठ वर करून दाखवला तेव्हा दाढांवर पिवळट थर होता आणि हिरडीतून रक्त येत होतं. भूल देऊन सहा दात काढावे लागले. एवढ्याशा जबड्यात दात दाटीवाटीने असतात, त्यामुळे घाण लवकर धरते. आता रोज रात्री ब्रश, तोही कुत्र्यांच्या पेस्टने. आपल्या पेस्टमध्ये झायलिटॉल (गोडीसाठी घालतात ते) असेल तर ते त्यांना विषच.

तासगावहून
ताई, आमचं बेदाण्याचं शेड आहे. घरात उठता-बसता बेदाणा, तसा पिंट्यालाही मिळायचा. एकदा मुलीने अभ्यास करता करता बशीभर त्याच्याबरोबर वाटून खाल्ला. पिंट्या जेमतेम चार किलोचा. रात्री उलट्या सुरू झाल्या, तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "द्राक्ष, बेदाणा काही खाल्लाय का?" त्याने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, हे आयुष्यभर द्राक्षात राहून आम्हाला ठाऊक नव्हतं. एखादं कुत्रं पचवतं, दुसऱ्याला थोड्यानेच बाधतं. अमुक एवढा चालेल असा हिशोबच नाही. तीन दिवस सलाईन, रोज रक्त तपासणी. वाचला. वाटून खाल्ला म्हणून मुलगी अजून रडते. आपल्या भागातल्या प्रत्येकाला हे सांगा, हात जोडून सांगते.

विश्रामबाग, सांगली
आमचा पग साडेअकरा किलो झाला होता. आई प्रत्येक पोळीचा शेवटचा तुकडा त्याला द्यायची, वर दुधाची साय. एका मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता फिरायला नेला, तर जीभ निळसर पडून रस्त्यातच बसला. आखूड नाकाच्या कुत्र्याला धापा टाकूनही अंगातली उष्णता नीट बाहेर काढता येत नाही. अंगावर पाणी ओतत रिक्षातून नेला. वर्षभर मोजून जेवण दिलं, आता साडेआठ किलो. आई त्याच्या ताटलीत काकडी ठेवते, तिचंही समाधान होतं. उन्हाळ्यात फिरणं पहाटे साडेपाचला.

कऱ्हाड
मादी असेल तर नसबंदी लांबवू नका. आमची माजावर येऊन गेल्यावर महिन्याभराने सारखं पाणी प्यायला लागली. आम्हाला वाटलं, उकाडा आहे. गर्भाशयात पू झाला होता. सातव्या वर्षी गेली.

वाईहून
ताई, आमची पॉम रात्री बदकासारखा आवाज काढून खोकते. वय नऊ. काय करू?

धागाकर्ती
आधी गळ्यातला पट्टा काढा, छातीवरून येणारा हार्नेस घ्या. या जातीची श्वासनलिका नाजूक असते, पट्ट्याने ती दाबली जाते. पण तेवढ्यावर थांबू नका, एक्स-रे काढा आणि हृदय तपासून घ्या. चिंगीच्या खोकल्यामागे हृदयाच्या झडपेचा आजार निघाला. दोन वेळच्या गोळ्या चालू आहेत. ती गाढ झोपली की मी मिनिटभर तिचे श्वास मोजते. तिसाच्या वर गेले तर लगेच फोन करा, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. काल रात्री २२ भरले.